घरचा आदर्श आणि परदेशची मालिका : इराणमधील एक हकिगत

श्रीविठ्ठल-रखुमाई मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम ग्रामस्थ, मुंबई-पुण्याकडील मंडळी आणि देणगीदार यांच्या सहकार्याने पूर्ण झाले. या कामाच्या बैठकांतून दगड, सिमेंट व वाळू यांच्याइतकीच चर्चा आणखी एका बाबीवर झाली. नव्या सभामंडपात सायंकाळचा हरिपाठ किती वाजता ठेवावा, ही ती बाब. सात वाजता ठेवला तर घरोघर मालिका सुरू असतात. साडेआठला ठेवला तर म्हातारी माणसे येत नाहीत. सप्ताहात येणारे कीर्तनकार बुवाही हल्ली या विषयाला हात घातल्याशिवाय कीर्तन पुरे करीत नाहीत. परदेशातून आलेल्या चित्रांनी व मोबाईलने घरातील बोलणे बंद पाडले, सुना-मुली परक्या रीती शिकल्या, असे ते सांगतात आणि श्रोते माना डोलावितात.

ही चिंता केवळ आपल्याकडील बुवा-महाराजांची आहे असे नाही. इतर धर्मांच्या व इतर देशांच्या धर्मगुरूंनीही ती वाहिली आहे. काहींनी तर तिच्यासाठी कायदे केले, शिक्षा दिल्या. त्यांपैकी इराण देशाची हकिगत विशेष विचार करण्याजोगी आहे. कारण तेथे धर्मगुरूंच्या हाती केवळ व्यासपीठ नव्हते, सबंध राज्य होते.

इराण आपणांस वाटतो तितका परका नाही. मुंबईच्या नाक्यावरचे इराणी हॉटेल ज्यांनी काढले ते तेथलेच. तालुक्याच्या कचेरीत रोज तोंडी येणारे दप्तर, कारकून, दस्तऐवज, जमीन हे शब्द मूळचे फारसी, म्हणजे त्याच देशाच्या भाषेतले. आणि मोहरमात आपल्या भागातील पुष्कळ गावांत ज्यांचे ताबूत बसतात व ज्यांत हिंदू मंडळीही खांदा देतात, त्या हसन-हुसेनांना मानणाऱ्या शिया पंथाचे इराण हे मुख्य राष्ट्र होय.

इराणमध्ये दूरचित्रवाणी १९५८ साली आली. ती सरकारने आणली नव्हती. पेप्सी-कोलाचा धंदा असलेल्या एका खाजगी उद्योजकाने आणली होती. हा गृहस्थ बहाई पंथाचा होता आणि तो पंथ शिया धर्मगुरूंना मान्य नव्हता. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच या यंत्राकडे मशिदीतून संशयाने पाहिले गेले. पुढे शहा महंमद रझा पहेलवी यांच्या सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले. तेलाच्या पैशाने देशात मोटारी आल्या, मद्याची दुकाने आली, अमेरिकेतील मालिका फारसी आवाज देऊन घरात आल्या. १९६२ साली जलाल आले अहमद या लेखकाने एक पुस्तक लिहिले. तो एका धर्मगुरूचाच मुलगा होता. त्याने या अवस्थेस ‘गर्बजदगी’ असे नाव दिले. पश्चिमेची बाधा झालेला समाज, असा त्याचा अर्थ घ्यावा. गावात एखाद्याला लागीर झाले म्हणतात, तसलेच काहीसे. हा शब्द पुढे शाळा-कॉलेजात आणि मशिदीतही सर्वांच्या तोंडी झाला.

आयातुल्ला खोमेनी हे शहांचे कट्टर विरोधक. १९६४ पासून ते हद्दपार होते. बरीच वर्षे इराकमधील नजफ या तीर्थक्षेत्री आणि १९७८ च्या ऑक्टोबरपासून फ्रान्समधील एका खेड्यात. देशात नसलेल्या माणसाचे बोलणे देशभर कसे पोचले? तर परदेशी बनावटीच्या टेपरेकॉर्डरवर. त्यांची प्रवचने कॅसेटवर भरून घेतली जात, बाजारात गुपचूप त्यांच्या नकला निघत आणि त्या गावोगाव ऐकल्या जात. लंडनच्या बी.बी.सी.चे फारसी वार्तापत्र ऐकूनच लोकांना चळवळीची खबर लागे. म्हणजे ज्या क्रांतीचा एक राग परदेशी माध्यमांवर होता, त्या क्रांतीचा डाक्या परदेशी माध्यमच झाले. ही गोष्ट पुढे फारशी कोणी उच्चारली नाही.

त्या धुमाळीत अनेक चित्रपटगृहे जाळली गेली. १९ ऑगस्ट १९७८ रोजी आबादान शहरातील रेक्स चित्रपटगृहास दारे बंद करून आग लावण्यात आली आणि चारशेच्या आसपास माणसे आत जळून मेली. दोष कोणाचा यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखविले. १ फेब्रुवारी १९७९ रोजी खोमेनी तेहरानला परत आले आणि विमानतळावरून थेट हुतात्म्यांच्या कबरस्तानात गेले. तेथील भाषणात त्यांनी सांगितले की, आपला विरोध चित्रपटाला, रेडिओला वा दूरचित्रवाणीला नाही. त्यांच्याद्वारे पसरविल्या जाणाऱ्या अनीतीला आहे. ही माध्यमे लोकांचे विद्यापीठ झाली पाहिजेत, असे त्यांचे मत होते. यंत्र वाईट नाही, त्यात भरले काय हे पाहावे, असा हा विचार आहे. तो वावगा म्हणता येणार नाही.

परंतु विद्यापीठ चालवायचे तर शिकवायला काहीतरी हवे. १९८० साली इराकबरोबर युद्ध पेटले आणि ते आठ वर्षे चालले. तरुण मुले आघाडीवर पडत होती. शिधा कार्डावर मिळत होता. दूरचित्रवाणीवर मुख्यतः प्रवचने, शोकसभा व युद्धाच्या बातम्या. घरी व्हिडिओ यंत्र ठेवण्यास बंदी होती. ती १९९० च्या दशकाच्या आरंभी उठली. अमेरिकेच्या मालिका तर बंदच. तेव्हा अधिकाऱ्यांनी पूर्वेकडे पाहिले. जपानी मालिकेत स्त्रिया अंगभर कपडे घालतात, वडिलांपुढे वाकतात, कष्ट करतात. अशी मालिका इस्लामी घरात चालण्यासारखी आहे, असे ठरले. तिचे नाव ‘ओशीन’. फारसीत तिला ‘घरापासून दूरची वर्षे’ असे नाव दिले गेले.

ही मालिका जपानच्या एन.एच.के. संस्थेने एप्रिल १९८३ ते मार्च १९८४ या काळात दाखविली. २९७ भाग झाले. सुगाको हाशिदा या बाईंनी ती लिहिली. जपानमध्ये सरासरी निम्म्याहून अधिक दूरचित्रवाणी संच तिच्या वेळेला तिच्यावरच लागलेले असत आणि पुढे ती साठाहून अधिक देशांत गेली. तिची गोष्ट येथे थोडी विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण पुढचा सारा वाद त्या गोष्टीत दडला आहे.

ओशीन ही उत्तर जपानातील यामागाता भागातील कुळाच्या शेतकऱ्याची मुलगी. घरात खाणारी तोंडे फार, तांदूळ कमी. सातव्या वर्षी बापाने तिला एका पोते तांदळाच्या बदल्यात लाकडाच्या व्यापाऱ्याकडे मुले सांभाळायला पाठविले. बर्फाच्या दिवसांत ती तराफ्यावर बसून नदीने जाते आणि काठावरून बाप धावत राहतो. व्यापाऱ्याकडे तिच्यावर चोरीचा आळ येतो. वास्तविक ते नाणे तिला आजीने दिलेले असते. ती पळून जाते. पुढे दुसऱ्या घरी चाकरी, तोकियोत केस विंचरण्याचा धंदा, आवडीने लग्न, कापडाचे दुकान. १९२३ च्या भूकंपात दुकान जमीनदोस्त होते आणि नवरा तिला घेऊन आपल्या गावी येतो. तेथे सासू. मालिकेतील हा सासुरवास पाहणाऱ्या आपल्याकडील बायकांना दुभाष्याची गरज पडली नसती. ओशीन शेवटी ते घर सोडते, मासे विकते, युद्धात मुलगा गमावते, नवरा आत्महत्या करतो. आणि म्हातारपणी ती मोठमोठ्या दुकानांची मालकीण झालेली असते.

इराणमध्ये या मालिकेने वेड लावले. ती लागण्याच्या वेळी रस्ते ओस पडत. युद्धात नवरा वा मुलगा गमावलेल्या, रांगेत उभे राहून शिधा आणणाऱ्या बायकांना ओशीन आपली वाटली. ओशीनच्या सासरचे आडनाव तानोकुरा. ते इराणी बोलीत इतके मुरले की जुन्या, वापरलेल्या कपड्यांना व ते विकणाऱ्या दुकानाला आजही तेथे ‘तानाकुरा’ म्हणतात. परदेशी मालिकेने घरात केवढी जागा घेतली होती, याचे माप हा एक शब्द देतो.

आता मुख्य प्रसंग. पैगंबरांची कन्या, हजरत अलींची पत्नी आणि हसन-हुसेन यांची माता बीबी फातिमा यांचा जन्मदिवस इराणमध्ये स्त्रियांचा व मातांचा दिवस म्हणून पाळला जातो. १९८९ साली तो जानेवारीच्या अखेरीस आला. तेहरानच्या नभोवाणीने त्या दिवशी एका कार्यक्रमात स्त्रियांना विचारले की, तुमच्यापुढे आदर्श कोणाचा? एका बाईने उत्तर दिले, ओशीनचा. बीबी फातिमा चौदाशे वर्षांपूर्वी होऊन गेल्या. आपण आजच्या काळात जगतो, अशा आशयाचे ती बोलली. आणि ते तसेच्या तसे प्रसारित झाले.

खोमेनी तेव्हा ऐंशी ओलांडलेले, आजारी होते. युद्ध नुकतेच थांबले होते. त्यांनी नभोवाणी-दूरचित्रवाणीचे प्रमुख महंमद हाशेमी यांस ताबडतोब पत्र धाडले. जे प्रसारित झाले ते उच्चारण्याचीही लाज वाटते. जबाबदार इसमास काढून टाकावे व शासन करावे. अपमान करण्याचा हेतू सिद्ध झाला तर देहांताची शिक्षा द्यावी. आणि असे पुन्हा घडले तर वरच्यांनाही सोडले जाणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांस शिक्षा सांगण्यात आल्या. पुढे न्यायखात्याच्या प्रमुखांनी रदबदली केली आणि खोमेनींनी त्यांना माफी दिली. त्याच वर्षी ३ जून रोजी खोमेनी निवर्तले.

या प्रसंगात खोमेनींचा संताप समजण्यासारखा आहे. ज्या माउलीच्या नावाने उत्सवाचा दिवस, त्याच दिवशी तिच्या जागी एका नाटकातील जपानी बाई बसविली जावी, हे कोणाही श्रद्धावंताला लागणारच. एकादशीच्या दिवशी आपल्या सभामंडपात कोणी असे बोलले असते, तर येथेही चार शब्द झाले असते. तथापि त्या बाईकडेही पाहिले पाहिजे. तिने कोणाची निंदा केली नव्हती. तिला विचारले, तिने मनातले सांगितले. तिच्या डोळ्यांपुढे जी कष्ट करताना दिसली, तिचे नाव तिने घेतले.

खरी गंमत, अथवा खरे दुःख म्हणावे, ते पुढे आहे. मुसलमान परंपरेत बीबी फातिमांची एक कथा प्रसिद्ध आहे. त्यांच्या घरी नोकरचाकर नव्हते. जात्यावर दळून दळून त्यांच्या तळहातांना घट्टे पडले, पाण्याची पखाल वाहून खांद्यावर वळ उठले, झाडलोट करून कपडे मळले. मदतीला एखादे माणूस मिळावे म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. पैगंबरांनी त्यांना नोकर दिला नाही. निजण्यापूर्वी देवाची स्तुती एक प्रकारे ३४ वेळा व आणखी दोन प्रकारे ३३-३३ वेळा करावी, असे मिळून शंभर नामांचे स्मरण त्यांनी सांगितले. आजही भाविक ते ‘फातिमाची तसबीह’ म्हणून नमाजानंतर म्हणतात. म्हणजे ओशीनसारखेच घट्टे पडलेले हात त्या घरातही होते. युद्धाच्या दिवसांत शिध्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला हे हात दाखविले असते, तर तिने त्या दिवशी कोणाचे नाव घेतले असते? उत्सवाच्या प्रवचनांतून फातिमांची थोरवी, त्यांचे पावित्र्य, त्यांचे कूळ हे पुष्कळ सांगितले जाई. थोरवी ऐकून माणूस नमस्कार करतो. आपली म्हणायला मात्र हातावरचे घट्टे दिसावे लागतात.

यात एक अडचण होती हेही न्यायाने सांगितले पाहिजे. शिया परंपरेत अशा पवित्र व्यक्तींचा चेहरा नटीने वठवून दाखविणे संमत नाही. त्यामुळे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ओशीन रडू शकत होती, दळू शकत होती, हसू शकत होती. बीबी फातिमा तेथे येऊच शकत नव्हत्या. हा सामना प्रथमपासूनच विषम होता. आपल्याकडे नेमके उलट घडले. इराणात ओशीनचे वेड चालू होते त्याच सुमारास, २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत, दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागत होते. ज्याच्याकडे संच असेल त्याच्या ओसरीवर अर्धे गाव बसे, कित्येक ठिकाणी संचाला हार घालीत व उदबत्ती लावीत. येथे सीतामाई पडद्यावर चुलीपाशी, वनात, अशोकवनात दिसत होती. त्या वेळी कोणा बुवांनी दूरचित्रवाणीविरुद्ध कीर्तन केल्याचे कानावर नाही. उलट रविवारचा सप्ताहाचा काला थोडा उशिरा करीत.

इराणमधील पुढील हकिगत थोडक्यात अशी. खोमेनींच्या पश्चात सर्वोच्च नेते झालेले अली खामेनी यांनी १९९२ च्या सुमारास ‘सांस्कृतिक आक्रमण’ हा शब्द रूढ केला. शत्रू आता रणगाड्याने येत नसून घराच्या आत चित्राने येतो, असे त्यांचे म्हणणे. त्याला कारणही घडले होते. १९९१ साली हाँगकाँगहून स्टार टी.व्ही. सुरू झाला आणि त्याचा एशियासॅट-१ हा उपग्रह जपानपासून अरबस्तानापर्यंतच्या मुलखावर चित्रे पाडू लागला. आपल्याकडे केबलवाल्याने गच्चीवर छत्री लावून ज्या उपग्रहावरून पहिले परदेशी कार्यक्रम दिले, तोच हा. तेहरानमधील गच्च्यांवरही छत्र्या उगवल्या. १९९४ साली वयोवृद्ध आयातुल्ला अराकी यांनी छत्री लावणे धर्मबाह्य असल्याचा फतवा दिला आणि १९९५ च्या आरंभी तेथील संसदेच्या कायद्याने छत्र्यांवर बंदी आली. छत्र्या काढून टाकण्यास एक महिन्याची मुदत देण्यात आली.

लोकांनी छत्र्या काढल्या आणि दुसरीकडे लावल्या. कोणी ताडपत्रीखाली झाकल्या, कोणी झाडांच्या कुंड्यांमागे लपविल्या. पोलीस येत, गच्चीवरून छत्री खाली फेकीत, दंड करीत. थोड्याच दिवसांत नवी छत्री बसे. हा खेळ वीस वर्षांहून अधिक चालला. २०१६ च्या जुलै महिन्यात तेहरानमध्ये एक लाख छत्र्या जाहीररीत्या मोडण्यात आल्या. परदेशी वाहिन्यांमुळे घटस्फोट वाढतात, व्यसने वाढतात, असे त्या वेळी बसीज दलाचे प्रमुख म्हणाले. त्याच दिवसांत तेथील संस्कृतिमंत्र्यांनी मात्र हा कायदा बदलायला हवा, बहुसंख्य जनता छत्री वापरतेच, असे सांगितले. सरकारी खुर्चीत बसून असे बोलण्यास धैर्य लागते.

दरम्यान सरकारी वाहिनीने ओशीनपासून एक धडा घेतला होता. पश्चिमेकडील नको, पण लोकांना गोष्ट तर हवी, म्हणून कोरियाच्या मालिका आणल्या. राजवाड्यातील स्वयंपाकघरात काम करून पुढे वैद्य झालेल्या एका मुलीची मालिका २००६-०७ मध्ये तेथे घरोघर पाहिली गेली. ‘जुमोंग’ नावाची राजाची मालिका त्यानंतर आली. जेवणे लवकर उरकून लोक पडद्यासमोर बसत. धर्मगुरूंना त्यांतील बरेचसे खपले, कारण त्यांत आई-बापांचा मान होता.

आपल्या वारकरी परंपरेने जात्याची बाजू फार पूर्वीच ओळखली होती. नामदेवांच्या घरी चाकरी करणारी जनाबाई दळायला बसे आणि पंढरीचा राणा तिच्यासमोर बसून दळू लागे. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथे जनाबाईचे म्हणून जाते दाखवितात आणि वारीला गेलेल्या बायका त्याला हात लावल्याशिवाय परतत नाहीत. गावातील कित्येक वयोवृद्ध स्त्रियांना अक्षर वाचता येत नव्हते, पण देव जनीबरोबर दळीत होता हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आपल्या मंदिराच्या जुन्या सभामंडपाच्या भिंतीवर हेच चित्र होते. कोणी, कधी काढले याची नोंद दप्तरी सापडत नाही. ओलीने भिंत फुगल्यामुळे ती उतरवावी लागली आणि चित्रही गेले. नव्या आराखड्यात त्या जागी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी योजली होती. महिला भजनी मंडळाच्या बायका एका बैठकीस आल्या, मागे बसल्या आणि शेवटी उठून त्यांनी विचारले की, जनाबाई कुठे बसवणार? समितीपाशी उत्तर नव्हते. देणगीदारांपैकी जे हजर होते त्यांनीच पाटी प्रवेशद्वाराच्या आतील बाजूस घेण्यास संमती दिली. त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत.

चित्रकार तालुक्याच्या गावचा तरुण. त्याने जाते कधी चालताना पाहिलेले नव्हते. त्याने प्रथम जनाबाईच्या हाती एक व विठोबाच्या हाती एक असे दोन खुंटे काढले होते. शिडीखाली उभ्या असलेल्या एका ऐंशीच्या आजीबाईंनी वर पाहून म्हटले, “बाळा, खुंटा एकच असतो रे. दोघांचे हात त्याच्यावरच पडतात.” त्याने त्याच दिवशी दुसरा खुंटा पुसला.